रक्ताच्या गुठळीची राखण

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पावसाळ्यात शेती-वाडीची कामे जोरात असतात. गवत कापताना विळा लागला, तर थोड्या वेळाने रक्त आपोआप थांबते. परंतु फुरसे किंवा घोणस चावल्यास तेच रक्त गोठेनासे होते. असे का व्हावे?

जखम होताच रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे चिवट तंतू तयार होतात. त्यांच्या जाळ्यात बिंबाणू व रक्तपेशी अडकून गुठळी बनते. जखम भरून आली की प्लाझ्मिन हे एंझाइम या तंतूंचे तुकडे करून गुठळी विरघळविते.

प्लाझ्मिन वेळेआधीच कामाला लागले, तर रक्तस्राव पुन्हा सुरू होईल. म्हणून रक्तातच त्याला आवर घालणारे नैसर्गिक रोधक असतात. अल्फा-२ अँटिप्लाझ्मिन हा रोधक मोकळ्या प्लाझ्मिनला तत्काळ निष्क्रिय करतो. तसेच फायब्रिनला जोडला जाऊन गुठळीचे रक्षण करतो. पीएआय-१ हा दुसरा रोधक प्लाझ्मिनची निर्मितीच मर्यादित ठेवतो. अँटिप्लाझ्मिनचा जन्मजात अभाव असल्यास थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते. उलट, स्थूल व्यक्तींत पीएआय-१ चे प्रमाण अनेकदा वाढलेले असते आणि गुठळ्या सहजी विरघळत नाहीत.

फुरसे व घोणस यांचे विष हा समतोल बिघडविते. ते रक्त गोठण्याची क्रिया शरीरभर एकदम सुरू करते. परिणामी फायब्रिनोजेन संपत जाते; तयार झालेले तंतू विरघळविण्यासाठी प्लाझ्मिन वाढते आणि त्याला आवरता आवरता अँटिप्लाझ्मिनही खर्ची पडते. मग हिरड्यांतून, लघवीवाटे व दंशाच्या जागेतून रक्त जाऊ लागते.

हा बिघाड ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाच्या शिरेतील ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात व नंतर नळी तिरपी करतात. रक्त पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले असे समजून नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर गुणकारी असलेली प्रतिविष लस शिरेतून दिली जाते. लस विष निष्प्रभ करते. त्यानंतर यकृत नवे फायब्रिनोजेन तयार करते. त्यास काही तास लागतात, म्हणून सुमारे ६ तासांनी चाचणी पुन्हा करतात.

ज्याचे रक्त गोठत नाही, त्याची जखम चिरणे म्हणजे रक्तस्रावाला नवी वाट करून देणे होय. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता त्याला प्रतिविष लस उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे.