थंड घरातील संसार

आपल्या मुलुखात घर गार असणे हा घराचा गुण मानला जातो. जाड भिंती, उंच छप्पर आणि वाऱ्याला वाट देणाऱ्या खिडक्या यांची वाखाणणी ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. इंग्लंडात मात्र संसाराची पहिली चिंता उबेची असते, आणि ती वाहण्याचे काम बहुतेक घरांत भिंतीवर टांगलेल्या एका पेटीकडे, म्हणजे गॅसच्या बॉयलरकडे, सोपविलेले असते. ही पेटी पाणी तापविते, पंप ते पाणी नळ्यांवाटे खोलीखोलीतील रेडिएटरांत खेळवितो, आणि ती बंद पडेपर्यंत घरातील माणसांना तिच्या अस्तित्वाची जाणीवही सहसा होत नाही. ती बंद पडली, म्हणजे मात्र नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी कुटुंबापुढे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदलेल्या इंग्रज कुटुंबापुढे एकच प्रश्न उभा राहतो: दुरुस्ती होईपर्यंत, आणि ती परवडण्याजोगी नसेल तर सबंध हिवाळा, या घरात राहावयाचे कसे?

प्रश्न दिसतो तितका नवा नाही. १९७० साली ब्रिटनमधील सुमारे एकतृतीयांश घरांतच सेंट्रल हीटिंग होते, आणि त्या काळी हिवाळ्यात घरातील सरासरी तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, असा सरकारी अंदाज आहे. बैठकीच्या खोलीत कोळशाचा विस्तव, त्याची बहुतांश उष्णता धुराड्यावाटे आकाशार्पण, आणि निजावयाच्या खोलीत खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने गोठलेले दव, हे तेथील मध्यमवर्गाचेही नित्याचे जीवन होते. १९५२ च्या डिसेंबरात, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, कोळशाच्या धुराने माखलेले धुके लंडनवर ठाण मांडून बसले; तेव्हाच्या सरकारी हिशेबाने सुमारे ४,००० आणि पुढील संशोधकांच्या मते १२,००० पर्यंत माणसे त्यास बळी पडली, आणि त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा जन्मास आला. पुढे १९६५ साली उत्तर समुद्रात ब्रिटनच्या हद्दीत नैसर्गिक वायू सापडला, १९६७ पासून दहा वर्षांत घरोघरची उपकरणे त्यास अनुकूल करून घेण्यात आली, आणि विस्तवाची जागा बॉयलरने घेतली. इंधन बदलले, परंतु लक्षावधी घरांच्या भिंती व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतल्या, नऊ इंची भरीव विटांच्या, त्याच राहिल्या. आणि अशा भिंती ऊब फार वेळ धरून ठेवीत नाहीत.

बॉयलर बंद पडताच हातपाय गाळण्यापूर्वी एकदोन साध्या गोष्टी तपासून पाहाव्यात. नळ्यांतील पाण्याचा दाब १ ते १.५ बार असावा लागतो. तो उतरला असेल तर माहितीपुस्तिकेप्रमाणे पाणी भरून घेणे घरच्या माणसासही जमते. २००५ पासून इंग्लंडात जवळजवळ सक्तीचे झालेले कंडेन्सिंग बॉयलर जळत्या वायूच्या वाफेतील उष्णताही वसूल करतात आणि उरलेले पाणी एका बारीक नळीवाटे बाहेर सोडतात. ही नळी घराबाहेर उघडी असली तर कडाक्याच्या थंडीत गोठते, आणि बॉयलर आपण होऊन थांबतो. १९१० पासूनच्या नोंदींत सर्वांत थंड ठरलेल्या २०१० च्या डिसेंबरात असंख्य कुटुंबांवर हा प्रसंग गुदरला. अशा वेळी नळीवर कोमट पाणी ओतावे, उकळते कदापि नव्हे. याउपर पेटीचे झाकण उघडण्याच्या भरीस पडू नये. गॅसच्या कामाचा अधिकार तेथील कायद्याने नोंदणीकृत कारागिरासच दिलेला आहे.

कारागीर येईपर्यंतचे दिवस निभावण्याचे तत्त्व एकच: उष्णता उत्पन्न करण्यापेक्षा ती राखण्याकडे लक्ष द्यावे. स्वस्थ बसलेले प्रौढ माणूसदेखील सुमारे १०० वॅट उष्णता देत असते. ती निसटू न देणे हेच वस्त्रांचे काम, आणि ते काम कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये कोंडलेली निश्चल हवा करते. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून शिवलेली आपली गोधडी हेच साधते. म्हणून एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालणे अधिक हितावह. विजेचा पंखेवजा हीटर २,००० वॅट खाऊन खोलीतील हवा तापवितो, आणि ती हवा फटींतून निघून जाते. उलट अंथरुणावर घालावयाच्या विजेच्या चादरीस साधारण १०० वॅट पुरतात, कारण ती माणसालाच ऊब देते. तेथे विजेचे एकक गॅसच्या सुमारे चौपट महाग पडते, हे ध्यानात घेतल्यास या फरकाचा अर्थ गृहिणीस हिशेब न मांडताही कळेल.

तेच तत्त्व खोलीस लागू आहे. सर्व कुटुंबाने एकाच, शक्यतो दक्षिणाभिमुख, खोलीत वास्तव्य करावे. दिवसा ऊन आत घ्यावे, सूर्य मावळताच जाड पडदे ओढावेत, दाराखालच्या फटीत जुन्या कापडाची वळकटी सारावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातील किमान सुरक्षित तापमान १८ अंश सांगितले आहे, आणि तान्ही मुले व वृद्ध यांस त्याहूनही अधिक ऊब हितकर मानली आहे. कारण शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की ग्लानी येते, आणि वृद्धास आपण गारठत आहोत याची शुद्धही राहत नाही. घर काही दिवस रिकामे ठेवावयाचे असेल, तर पाण्याचा मुख्य कॉक बंद करून नळ रिते करावेत; पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि नळ फोडते.

राखण्याच्या या उद्योगास एक मर्यादा मात्र आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविणे किंवा स्वयंपाकाच्या गॅसवर खोली तापविणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण होय. या वायूस रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी आणि मळमळ घरातील सर्वांस एकदमच जाणवू लागली, तर तत्काळ उघड्यावर यावे. दुसरा शत्रू ओल. धुराड्याविना जळणारे एक लिटर रॉकेल जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सोडते. ते गार भिंतीवर जमते, आणि तेथे बुरशी धरते. म्हणून थंडी असतानाही स्वयंपाक व स्नान यांनंतर काही मिनिटे खिडकी उघडावी.

भाडेकरूने हे सारे निमूटपणे सोसावे, असा मात्र तेथील दंडक नाही. १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमान्वये, अल्प मुदतीच्या भाडेकरारांत, खोल्या व पाणी तापविण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तक्रार मात्र लेखी असावी आणि तिची नक्कल जपून ठेवावी. २०२० साली रॉचडेल येथे बुरशीने भरलेल्या घरात दोन वर्षांचे एक मूल दगावले, आणि त्यानंतर सामाजिक गृहनिर्माणातील मालकांवर अशा तक्रारींचा निकाल ठरावीक मुदतीत लावण्याचे बंधन घालण्यात आले.

कायद्याचा उपयोग बॉयलर दुरुस्त करून घेण्यापुरता. तो पेटविण्यास पैसा नसेल तर दुरुस्त बॉयलरही बंदच राहतो. घर पुरेसे उबदार ठेवण्यास उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम इंधनावर खर्चावी लागते ते कुटुंब इंधनदरिद्री, अशी व्याख्या ब्रिटिश संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली रूढ केली, आणि या दारिद्र्याचे मूळ त्यांनी घरांच्या नादुरुस्त, उष्णता गळणाऱ्या बांधणीत दाखविले. इंधनाचे बिल भरण्यास दिलेले अनुदान त्याच हिवाळ्यात जळून जाते. पोटमाळ्यावर पसरलेला खनिज लोकरीचा २७० मिलिमीटर जाडीचा थर पुढील अनेक हिवाळे काम देतो. तेव्हा घर घेताना किंवा भाड्याने पाहताना बॉयलर किती नवा आहे एवढेच विचारून थांबू नये. तो बंद पडल्यावर हे घर किती तास ऊब धरून राहील, हेही विचारावे, आणि घरबांधणीचे धोरण ठरविणाऱ्या सरकारासही हाच प्रश्न विचारला जावा.