मुंबई राज्य विधानसभा निवडणूक, १९५७

द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी फेब्रुवारी–मार्च १९५७ मध्ये झालेली सार्वत्रिक निवडणूक. भाषावार प्रांतरचनेच्या प्रश्नावर मराठी व गुजराती मतदारांनी प्रथमच दिलेला हा कौल होय. काँग्रेस पक्षाला तीत स्पष्ट बहुमत मिळाले. तथापि प्रदेशवार निकालांत एवढी तफावत पडली की, त्याच बहुमताच्या आधारे राज्याचे द्विभाषिक स्वरूप दीर्घकाळ टिकविणे अवघड झाले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटक राज्याचा राज्यपाल मतदारांकडून प्रत्यक्षपणे निवडला जातो. भारतीय संविधानाच्या मसुद्यातही निर्वाचित राज्यपालाचा विचार झाला होता. परंतु १९४९ मध्ये संविधान सभेने राष्ट्रपतींकडून नियुक्तीची पद्धत स्वीकारली. त्यामुळे भारतात राज्याची सत्ता कोणाकडे जावी, हे विधानसभेच्या निवडणुकीतून ठरते.

पार्श्वभूमी : राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मराठी भाषकांच्या एका सलग राज्याची मागणी अमान्य केली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा होताच तीव्र आंदोलन उसळले. आंदोलनाच्या काळात गोळीबारात शंभरहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मुंबई राज्याचे कन्नड जिल्हे वगळून व त्यास मराठवाड्याचे पाच जिल्हे, विदर्भाचे आठ जिल्हे, सौराष्ट्र आणि कच्छ जोडून विशाल द्वैभाषिक राज्य निर्माण करण्यात आले. यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले.

पक्ष व प्रचार : प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार, कम्युनिस्ट व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे समितीचे प्रमुख घटक पक्ष होत. एरवी परस्परविरोधी असलेल्या या पक्षांनी जागांची वाटणी करून काँग्रेसविरुद्ध शक्यतो एकच उमेदवार उभा केला. शेतकरी कामगार पक्षाचे ग्रामीण बळ, फेडरेशनचा दलित वर्गातील पाया आणि कम्युनिस्टांचे कामगार संघटन यांची त्यामुळे एकत्र बेरीज झाली. गुजरातमध्ये इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषदेने स्वतंत्र गुजरातच्या मागणीवर निवडणूक लढविली.

निकाल व प्रदेशवार कौल : एकूण ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४, म्हणजे सुमारे ५९ टक्के जागा मिळाल्या; तिच्या मतांचे प्रमाण मात्र निम्म्याहून किंचित कमी होते. या बहुमताचा उगम पाहता राज्याचे तीन भाग पडतात. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला व तेथील जेमतेम एक-चतुर्थांश जागा तिच्या हाती राहिल्या. स्वतः चव्हाण कराडमधून अल्प मताधिक्याने विजयी झाले. लोकसभेच्या निवडणुकीतही पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांचा पराभव केला. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले. याउलट विदर्भ व मराठवाडा येथे काँग्रेसला भरघोस यश लाभले. गुजरात विभागात अहमदाबादसारख्या ठिकाणी परिषदेने यश मिळविले, तरी बहुसंख्य जागा काँग्रेसकडेच राहिल्या.

कारणमीमांसा : मराठी मतदारांचा कौल भाषेच्या सीमेनुसार एकसारखा पडला नाही, १९५६ पूर्वीच्या राज्यांच्या सीमा त्यात स्पष्ट उमटल्या. जुन्या मुंबई राज्यातील मराठी जिल्ह्यांत मुंबईचा प्रश्न व गोळीबाराची स्मृती ज्वलंत होती. विदर्भात स्वतंत्र राज्याची भावना प्रबळ होती आणि नागपूरचे राजधानीचे स्थान गेल्याची खंतही होती. मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामामुळे काँग्रेसला प्रतिष्ठा लाभली होती. शिवाय निजामी राज्यातून सुटून अन्य मराठी प्रदेशाशी जोडले जाणे, ही तेथील एक मोठी आकांक्षा द्वैभाषिकातही पूर्ण झाली होती.

पश्चिम महाराष्ट्रातही सर्वत्र एकच चित्र नव्हते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर तालुक्यांचा प्रदेश याचे उदाहरण होय. नीरा कालव्याच्या पाण्यावरील ऊसबागायत आणि लोणी देवकरसारख्या गावांचा अवर्षणप्रवण पट्टा येथे शेजारीशेजारी आढळतात. बारामती लोकसभा मतदारसंघातून १९५७ मध्ये केशवराव जेधे निवडून आले, तेही काँग्रेसचे उमेदवार म्हणून. ज्यांच्या अध्यक्षतेखाली समिती जन्मास आली, त्यांनाच समितीच्या लाटेत विरुद्ध बाजूने विजय मिळाला. ब्राह्मणेतर चळवळीपासून ग्रामीण बहुजन समाजात त्यांना असलेले स्थान यातून दिसते. त्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार यांच्याविरुद्ध काँग्रेसचे गुलाबराव जेधे विजयी झाले. या प्रचारात वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार काँग्रेसच्या बाजूने होते. आंदोलनाने कुटुंबेही कशी विभागली गेली, हे यावरून कळते.

परिणाम : सरकारचे बहुमत मुख्यतः विदर्भ, मराठवाडा व गुजरात यांवर अवलंबून राहिले आणि मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या प्रदेशात त्यांचा पक्ष अल्पमतात आला. त्याच वर्षी मुंबई महानगरपालिकाही समितीने जिंकली. या कौलाने काँग्रेसश्रेष्ठींना धोरणाचा फेरविचार करावा लागला. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली. मागणी सफल होताच समितीतील ऐक्याचा आधार संपला. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या. १९५७ चा कौल पक्षापेक्षा प्रश्नावर अधिक दिला गेला होता, हे त्यावरून स्पष्ट होते.