रडणारे मूल शांत होते तेव्हा

विंचू चावलेले मूल तासा-दीड तासाने रडायचे थांबले की घरातल्या माणसांच्या जिवात जीव येतो. कोणी म्हणते मंत्र लागू पडला, कोणी म्हणते उगाळून लावलेल्या मुळीने विष ओढून घेतले. विरार पूर्वेला दवाखाना चालवताना हे मी किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. अशा वेळी माझा हात आधी मुलाच्या तळपायाकडे जातो. तळपाय गार आणि कपाळ घामाने डबडबलेले असेल, तर ती शांतता चांगली नव्हे. उलट ज्या मुलाच्या किंकाळ्यांनी दवाखाना दणाणून गेला आहे, पण हातपाय उबदार आहेत, ते बहुधा सकाळपर्यंत खेळायला लागते.

हे उफराटे शास्त्र आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते. ते पुढे आले कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून. त्याची कथा सांगण्यापूर्वी आमच्या भागाची थोडी ओळख करून द्यायला हवी.

वसई म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर केळीच्या वाड्या, किल्ला आणि सुकेळी येतात. तो झाला रेल्वेचा पश्चिम भाग. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, अहमदाबादचा महामार्ग आणि त्याच्या पलीकडे पारोळ, भाताणे, मेढे, शिरवलीची गावे. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला, इमारती डोंगराला भिडल्या. पण वीटभट्ट्या काही संपल्या नाहीत. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे भट्टीवर येतात आणि विटा नुसत्या एकावर एक रचून, वर पेंढा किंवा ताडपत्री टाकून पावसाळ्यापर्यंत राहतात. त्या भिंतीला ना माती ना चुना. विटे-विटेमधली फट म्हणजे विंचवाला आयते घर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. भट्टीवरच्या माणसांचेही त्याहून वेगळे नसते आणि दोघांचा मुक्काम एकाच भिंतीत पडतो.

विंचू आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे दिसतात. मोठा काळा, जाड नांग्यांचा. तो पाहून भीती वाटते, पण त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही. दुसरा लालसर-तपकिरी, बोटभर लांबीचा, नांग्या बारीक आणि शेपटी जाड. घातक आहे तो हा. कोकणपट्टीत वर्षानुवर्षे धडधाकट पोरे रात्रीत गेली ती याच्यामुळे. एकनाथांचे विंचवाचे भारुड घरोघर ठाऊक आहे. त्यातला विंचू कामक्रोधाचा, हे खरे. पण दंशानंतर अंगाला घाम सुटतो हे नाथांनी त्यात नोंदवून ठेवले आहे. आम्हा डॉक्टरांना त्या घामाचा अर्थ लावायला त्यानंतर चारशे वर्षे लागली.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्री-अपरात्री विंचू चावलेली माणसे यायची. घाम, उलट्या, गार हातपाय, मग धाप, तोंडावाटे गुलाबी फेस आणि मृत्यू. त्या वेळचे उपचार म्हणजे वेदनाशामके, झोपेची औषधे, अ‍ॅट्रोपीन, स्टेरॉइड. रुग्ण तरीही दगावत. विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होते अशी नोंद डॉ. मुंडले यांनी 1961 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली होती. इस्रायलमध्ये बीरशेबा येथे डॉ. गेरोन यांनी तिथल्या पिवळ्या विंचवाचा हृदयावर होणारा परिणाम तपासला होता. पण हे ज्ञान आणि खाटेवरचे मूल यांच्यात मोठे अंतर होते.

बावस्करांनी जे केले ते सांगायला सोपे आणि करायला फार कठीण. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचे तापमान पाहायचे आणि लिहून ठेवायचे. एक नव्हे, अनेक रुग्ण. त्या नोंदींतून क्रम उलगडला आणि 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकाने तो छापला. उलटी, भरपूर घाम, गार हातपाय आणि मुलगे-पुरुष असतील तर लिंगाला विनाकारण आलेली ताठरता, ही हृदय संकटात सापडणार असल्याची पूर्वसूचना होय, असे त्यात होते. शेवटचे लक्षण आया संकोचाने सांगत नाहीत, म्हणून ते इथे मुद्दाम लिहितो.

शरीरात घडते ते असे. विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करते. पेशीत सोडियम सोडणारी दारे उघडतात ती वेळेवर मिटतच नाहीत. तंतू सारखे चेतत राहतात आणि अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळतात. वाडीतल्या विहिरीवरचा पंप जोरात चालू आहे आणि पुढचा पाइप कोणी पायाखाली दाबून धरला आहे, अशी कल्पना करा. रक्तदाब चढतो, हातापायांना रक्त पोचत नाही म्हणून ते गार पडतात, आणि पंप, म्हणजे हृदय, थकते. त्या लोंढ्याने हृदयाचा स्नायूही होरपळतो. हृदयालेख पाहणाऱ्याला तरुण माणसाला हृदयविकाराचा झटका आला की काय असे वाटावे. मग मागे तुंबलेले पाणी फुफ्फुसात उतरते. दंश पायाच्या बोटाला, विकार मज्जासंस्थेचा, निकामी होते ते हृदय आणि गुदमरतो तो फुफ्फुसात पाणी होऊन. बालरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हे तिघे एकाच खाटेभोवती हवेत असा हा आजार, आणि तो होतो बहुधा तिघांपैकी एकही नसलेल्या गावात.

एकदा हे समजल्यावर उपाय दाबलेला पाइप सोडण्याचाच होता. मधल्या काळात बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. केले आणि ते महाडकडेच परतले. रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रोप्रसाइड शिरेतून देऊन त्यांनी फुफ्फुसात पाणी झालेले रुग्ण वाचवले. पण त्या औषधाला मिनिटा-मिनिटाला रक्तदाब मोजणारा माणूस लागतो. खेड्यात चालेल असे औषध म्हणजे प्रॅझोसिन, रक्तदाबाची साधी तोंडाने घ्यायची गोळी. ज्या ग्राहींवर त्या लोंढ्याचा मारा होतो, नेमके तेच ती झाकते. हा अनुभव 1986 मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. त्याआधी गंभीर दंशाचे 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत. रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे आल्यावर हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेले. पुढे 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा बरोबरीचा वाटा आहे. पुष्कळ लेखांवर दोघांचे नाव आहे, तरी सत्काराच्या बातम्यांत ते गळते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

माझ्याकडे नव्वदीच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये कणेरजवळच्या भट्टीवरून सहा-सात वर्षांचा मुलगा आणला होता. आई म्हणाली, ‘डॉक्टर, दुखायचं थांबलंय, पण दोनदा ओकला.’ शर्ट घामाने चिंब, तळहात विहिरीतल्या दगडासारखे गार, नाडी धावत होती. खोकला अजून नव्हता, म्हणजे थोडा वेळ हातात होता. वजनाच्या दर किलोमागे 30 मायक्रोग्रॅम या हिशेबाने गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून दिला, आडवे निजवले आणि आईला बजावले की याला बसवायचेसुद्धा नाही. पहिल्या मात्रेनंतर उठले की रक्तदाब एकदम उतरतो. तीन तासांनी दुसरी मात्रा. पहाटे चारच्या सुमारास पावले कोमट लागली, आणि थोड्या वेळाने पोराने पायाचे बोट धरून भोकाड पसरले. आई घाबरली. मी मात्र कंपाउंडरला चहा टाकायला सांगितला. लोंढा ओसरला की दंशाची जागा पुन्हा दुखू लागते. बरे होण्याची ती खूण आहे.

सगळे असे आले नाहीत. एका कुटुंबाने चार तास उतरवणाऱ्याकडे काढले. मुलगी माझ्या दारात आली तेव्हा तोंडाशी फेस होता. त्या माणसांना दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. तिची वेदना थांबली होती आणि वेदना थांबणे म्हणजे गुण येणे, असेच कुणालाही वाटेल.

विंचवाच्या विषावरची लस द्यावी की नाही, यावर जगात बरीच वर्षे वाद होता. ट्युनिशियातल्या 1999 च्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. मेक्सिकोतल्या विंचवावरच्या लसीने 2009 च्या चाचणीत मुले लवकर बरी झाली. विंचू निराळे, विषे निराळी, तेव्हा तिकडचे उत्तर इकडे चालेलच असे नाही. बावस्करांनी महाडमध्येच चाचणी केली, ती 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. रुग्ण 70. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना नुसते प्रॅझोसिन, निम्म्यांना प्रॅझोसिन आणि लस. लस मिळालेले सरासरी आठ तासांत सावरले, इतरांना जवळजवळ अठरा तास लागले. यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की जीव वाचवणारी गोळी कोणालाच नाकारली नव्हती. संशोधन मोठ्या शहरातच होते असे मानणाऱ्यांनी हा लेख मिळवून वाचावा.

आमच्याकडे आज अडचण वेगळी आहे. बाजारात प्रॅझोसिनची सावकाश विरघळणारी गोळी सहज मिळते, पण ती इथे कामाची नाही. तुकडा करून लहान मुलाला देताही येत नाही. हवी ती साधी एक मिलिग्रॅमची. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ती आणि लस आहे का, हे पावसाळ्याआधी एकदा विचारून ठेवावे. गोळी घरी आणून आपणच द्यावी असे मात्र मुळीच नाही. ती रक्तदाब पाहणाऱ्याच्या हातूनच द्यायची आहे. महामार्गावर गाड्या तासन्‌तास तुंबतात, तेव्हा भाताणे-पारोळहून निघणाऱ्याने हातपाय गार पडायची वाट पाहू नये. लहान मूल असेल तर दंश कळताच निघावे, 108 ला फोन करावा, जखम कापू नये, दोरी आवळू नये.

आणि भट्टीवर राहणाऱ्यांना मी सांगतो ते शहरातल्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांनाही लागू आहे: अंथरूण झटकून घाला, पोराला भिंतीपासून हातभर दूर निजवा, चप्पल पायात सरकवण्याआधी आपटून घ्या आणि रचलेल्या विटा, कौले, लाकडे उचलताना पलीकडच्या बाजूला बोटे घालू नका.