सिमेंटची गोणी आणि सिमेंटचा समभाग

१९९२ सालच्या मार्च महिन्यात मी उल्हासनगरच्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. कापडाचे एक वयोवृद्ध व्यापारी मुदत ठेवीच्या दोन पावत्या घेऊन समोर बसले. ‘‘साहेब, या मोडा. एसीसी घ्यायचा आहे.’’ मी म्हणालो, ‘‘शेठ, एक तरी राहू द्या.’’ एक राहिली. पण माझ्या सांगण्यामुळे नव्हे, तिची मुदत महिनाभरात पुरी होणार होती म्हणून.

एसीसी ही काही हवेतील कंपनी नव्हती. १९३६ साली टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशा या समूहांच्या दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ती उभी राहिली. १९८९ मध्ये सिमेंटवरील किंमत नियंत्रण पूर्णपणे उठले आणि या धंद्याला बरे दिवस आले. तरीही सुमारे दोनशे रुपयांचा समभाग नऊ हजारांच्या आसपास जावा, एवढे कारण त्यात नव्हते. हर्षद मेहता यांचा युक्तिवाद असा की, तसाच कारखाना आज नव्याने उभारण्यास जो खर्च येईल, त्यावरून कंपनीचे मोल ठरवावे. ऐकण्यास तो पटतो. परंतु दुकान बांधण्यास किती खर्च आला, हे पाहून कोणी पागडी देत नाही. गल्ला किती होतो, हे पाहतो. एप्रिलमध्ये बँकांचा पैसा बाजारात वळविल्याचे उघड झाले आणि भाव कोसळले. कारखान्यांच्या भट्ट्या मात्र पूर्वीसारख्याच जळत होत्या. बँकांच्या रोखे विभागांतील ढिलाईची लाज आम्हा बँकवाल्यांना आजही वाटते.

आज बदलापूर-अंबरनाथमध्ये जिकडेतिकडे इमारती उठत आहेत. गोण्यांनी भरलेले ट्रक पाहून ‘सिमेंटचा शेअर घेऊ का?’ असे विचारणारे बरेच भेटतात. खप वाढला म्हणजे नफा वाढलाच, असे नाही. सिमेंट जड आणि तुलनेने स्वस्त. दूर नेले की वाहतूक खर्च नफा खाऊन टाकते. म्हणून चुनखडीजवळ, उदाहरणार्थ चंद्रपूर जिल्ह्यात, कारखाने आहेत. कोळसा, पेटकोक, वीज महागली की प्रत्येक टनामागील नफा आटतो. पावसाळ्यात बांधकाम मंदावते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण तो लाभ प्रथम ग्राहकाचा, भागधारकाचा असेलच असे नाही. वार्षिक अहवालात टनामागील नफा, कर्ज आणि क्षमतेचा वापर हे तीन आकडे मी आधी शोधतो.

शेठजी आता नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचे चिरंजीव एका सिमेंट कंपनीविषयी विचारण्यास आले. मी अहवाल मागितला, तेव्हा त्यांनी पिशवीतून पाच वर्षांचे अहवाल काढले आणि म्हणाले, ‘‘काका, कर्जाचे पान दुमडून ठेवले आहे.’’