उतरण्याआधी कॉकपिटमध्ये काय ठरायला हवं

थेरगाव-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत शिफ्टच्या सुरुवातीला टूलबॉक्स टॉक होतो: कोणतं मशीन त्रास देतंय, कुठे तेल सांडलंय, कोणी काय सांभाळायचं. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्येही, विमान खाली यायला लागण्यापूर्वी, असंच बोलणं होतं. त्याला ॲप्रोच ब्रीफिंग म्हणतात. धावपट्टी कोणती, वारा कुठून, किती उंचीपर्यंत धावपट्टी दिसलीच पाहिजे, उतरणं सोडावं लागलं तर कुठे वळायचं, हे विमान चालवणारा वैमानिक सांगतो आणि दुसरा ते ताडून पाहतो. पण हे नुसतं नकाशावाचन उरलं तर त्याचा उपयोग थोडाच. आज इथे धोका कशाचा आहे आणि काय घडलं की उतरायचं नाही, हे दोघांनी मिळून आधीच ठरवलं पाहिजे.

7 ऑगस्ट 2020 ला एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान भर पावसात कोझिकोडला उतरत होतं. त्याचे कॅप्टन दीपक साठे मूळचे नागपूरचे, वायुसेनेचे माजी विंग कमांडर, दहा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि विमान पुन्हा वर गेलं. दुसरा प्रयत्न उलट दिशेने, म्हणजे पाठीमागून सुमारे 14 नॉट वारा असताना झाला. डोंगरमाथ्यावरच्या 8,858 फूट लांबीच्या धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा मागे 4,438 फूट सरले होते. सहवैमानिकाने 'गो-अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं, तरी उतरणं थांबलं नाही. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. तपास अहवालाने कॅप्टनच्या नियमभंगाबरोबरच सहवैमानिकाने नियंत्रण हाती न घेण्यावरही बोट ठेवलं. दिशा, वारा आणि वायपर यांनी आधीचा बेत मोडीत काढला होता. अशा वेळी जुन्या ब्रीफिंगच्या भरवशावर राहता येत नाही. गरज पडल्यास आकाशात दोन घिरट्या जास्त घालाव्यात, पण लागणाऱ्या अंतराचा हिशेब आणि बोलणं नव्याने व्हावं.

अनुभवी माणसाला एवढं बोलायची गरज काय, असं कोणी विचारेल. पण अनुभवामुळेच 'जमेल' हा भरवसा वाढतो. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार वेग किंवा उंची बिघडलेली असतानाही वैमानिक जेमतेम 3 टक्के वेळा उतरणं सोडतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोझिकोडला 'गो-अराउंड' हा शब्द उच्चारला गेलाच होता, मग बोलून काय साधलं? तो उच्चारला गेला अगदी शेवटच्या सेकंदांत, आणि तेव्हा वरिष्ठाच्या हातातून विमान घेणं कनिष्ठाला फार जड जातं. म्हणून कॅप्टनने शांतपणे, वर असतानाच सांगून ठेवावं: "ठरलेल्या खुणेपर्यंत चाकं टेकली नाहीत तर 'गो-अराउंड' म्हण. मी लगेच वर घेतलं नाही, तर कंट्रोल तू घे." आणि धोके मोजायची सुरुवात सहवैमानिकाकडून करून घ्यावी, म्हणजे कॅप्टनचं ऐकून नुसती मान डोलावण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.