शोकाला जागा देणाऱ्या कादंबऱ्या

योहानाच्या शुभवर्तमानात येशू बेथानीला पोहोचतो, तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. तू वेळेवर आला असतास तर भाऊ गेला नसता, असं दोघी बहिणी त्याला बोलून दाखवतात. लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक आहे, तरीही तो रडतो. माणूस गमावलेल्यांना ख्रिस्ती कादंबरी काय देते याचा विचार करताना मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. पुनरुत्थानाची आशा हा या साहित्याचा गाभा आहे. पण रडणं गाळून थेट आशेवर येणारी कादंबरी शोकात असलेल्या वाचकाला परकीच राहते.

दस्तयेवस्कीचा मुलगा अल्योशा मे १८७८ मध्ये अपस्माराच्या झटक्याने गेला. त्याला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. अपस्मार हा बापाचाच आजार, त्यामुळे घाव दुप्पट खोल. पुढच्याच महिन्यात दस्तयेवस्की तरुण तत्त्वज्ञ सोलोव्योवबरोबर ऑप्टिना मठात गेला आणि तिथल्या अँब्रोस या वृद्ध साधूला भेटला. मग ‘द ब्रदर्स करमाझोव’ (१८७९-८०) मध्ये झोसिमा या साधूपुढे एक खेडवळ आई येऊन बसली. तिचंही पोर त्याच वयाचं, नाव अलेक्सेई, म्हणजे अल्योशाच. त्याचे कपडे, त्याचे बूट पाहिले की ती हंबरडा फोडते. त्याची इवली पावलं एकदाच घरात वाजावीत, एवढंच तिचं मागणं. झोसिमा आधी रूढ उत्तर देतो: मूल देवदूतांत आहे. बाई म्हणते, नवराही हेच सांगतो, पण तो स्वतःही रडतो. तेव्हा साधू तिला रडण्याची मोकळीक देतो. फक्त रडताना लेकराचं देवाजवळ असणं आठवत राहा, म्हणतो. अँब्रोसने दस्तयेवस्कीला दिलेला धीरच इथे उतरला, असं त्याच्या पत्नीने आठवणींत नोंदवलं आहे. याच कादंबरीत निष्पाप मुलांच्या यातनांवरून करमाझोव भावांतला इव्हान देवाच्या न्यायाविरुद्ध उभा राहतो, आणि लेखक त्याचं तोंड बंद करत नाही. पुत्रशोकातून नुकत्याच गेलेल्या श्रद्धाळू माणसाने हे लिहिलं, म्हणून त्याच्या आशेवर मी विश्वास ठेवते.

अमेरिकेतलं उदाहरण कमी परिचित आहे. तिथल्या यादवी युद्धात सहा लाखांवर सैनिक मेले, आणि कित्येक घरांत प्रेतही परतलं नाही. चर्चमधून स्वर्गाचं जे वर्णन होई त्यात अखंड स्तुतिगान होतं, पण तिथे आपला भाऊ आपल्याला ओळखेल का, याचं उत्तर नव्हतं. एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स या चोवीस वर्षांच्या लेखिकेने १८६८ साली ‘द गेट्स अजार’मध्ये हाच प्रश्न धरला. मेरीचा भाऊ लढाईत पडलेला असतो. समाचाराला आलेला चर्चचा डीकन तिला धीर द्यायचा सोडून देवाच्या इच्छेपुढे नमायला सांगतो. पुढे विनिफ्रेड मावशी येते. ती स्वतः विधवा. तिच्या स्वर्गात घरं आहेत, झाडं आहेत, पियानोसुद्धा आहे. काही धर्मपंडित या स्वर्गावर तुटून पडले, वाचकांनी मात्र पुस्तक उचलून धरलं. कादंबरी म्हणून ते कच्चं आहे, निम्म्याहून अधिक संभाषणच आहे. पण डीकनच्या भेटीचा प्रसंग आजही बोचतो. ‘देवाची इच्छा’, ‘चांगल्या ठिकाणी गेला’ ही वाक्यं आपल्याकडे काय कमी ऐकू येतात?

मराठी वाचकाला हा विषय दूरचा नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ख्रिस्ती कादंबरीच आहे. तीन वर्षांपूर्वीच पदमनजींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते, आणि शेवटी तिलाही वैधव्य येतं. केशवपनाच्या धाकात जगणाऱ्या त्या बायकांचं बोलणं लेखकाने मन लावून ऐकलं आहे. यमुनेच्या स्वतःच्या दुःखाला मात्र तो तेवढा अवसर देत नाही. धर्मांतर आणि पुनर्विवाह लवकर येतात. सुधारकाची घाई समजते, तरी मला ती खटकते.

अलीकडचं गाजलेलं नाव विल्यम पॉल यंगच्या ‘द शॅक’चं (२००७). खून झालेल्या मुलीचा बाप देवालाच समोरासमोर जाब विचारतो. यंगने आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या या गोष्टीच्या सुरुवातीला पंधराच प्रती काढल्या होत्या. पुढे ती लाखोंनी खपली. जाब विचारण्याचं धैर्य मला भावतं, पण प्रत्येक प्रश्नाला मिळणारी ऐसपैस उत्तरं ताज्या जखमेला जड होतात. त्यापेक्षा सी. एस. लुईसने ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’त (१९५५) एका प्रसंगात जास्त साधलं आहे. डिगरी या मुलाची आई मरणपंथाला लागलेली असते. तो मान वर करून पाहतो, तर अस्लान या सिंहाच्या डोळ्यांत त्याच्यापेक्षा मोठे अश्रू. लुईसची आई १९०८ मध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

या सगळ्यांत मी वरचं स्थान मॅरिलिन रॉबिन्सनच्या ‘गिलियड’ला देते. २००४ ची ही कादंबरी, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. शहात्तर वर्षांचे पाद्री जॉन एम्स हृदयविकाराने खंगलेले असतात आणि सात वर्षांच्या मुलाला तो मोठा झाल्यावर वाचायला पत्र लिहितात. पहिली बायको आणि तान्ही मुलगी त्यांनी तरुणपणीच गमावलेली. निघालेलं माणूस मागे राहणाऱ्याला इथे धीर देतं, तेही मुलांचा खेळ, ऊन, पाणी अशा रोजच्या गोष्टींबद्दल कृतज्ञ राहून. एम्स कुठेही प्रवचनाचा सूर लावत नाहीत.

समाचाराला जाताना यातलं कोणतंही पुस्तक नेऊ नका. महिना-दोन महिन्यांनी येणारी-जाणारी माणसं थांबली की ‘गिलियड’ न्या, वाचण्याचा आग्रह धरू नका, आणि तेव्हाही थोडा वेळ बसा आणि गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना बोलू द्या.