‘फ्रॉम’च्या आधीची रेघ

कुबरनेटिसची पायथन लायब्ररी वापरताना नेटवर्कच्या नियमांपाशी एक नाव हमखास अडवतं: ‘_फ्रॉम’. एपीआयमध्ये ते नुसतं ‘फ्रॉम’ आहे. पण हा शब्द पायथननं स्वतःसाठी राखून ठेवला आहे, म्हणून नावाआधी अंडरस्कोर. लांबलचक यादी टप्प्याटप्प्यानं मागवायच्या ‘कंटिन्यू’चंही तेच.

ही रेघ जनरेटरनं ओढली आहे. लायब्ररीतला बहुतांश कोड कुणी टाइप केलेलाच नाही. कुबरनेटिस आपल्या एपीआयचं वर्णन फाइलमध्ये मांडतं: पत्ता कोणता, काय पाठवायचं, उत्तर कोणत्या आकाराचं. ही पद्धत आधी ‘स्वॅगर’ नावाची होती. 2015 मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली आणि पुढे ‘ओपनएपीआय’ झाली. 2018 मध्ये स्वॅगर कोडजेनमधून फुटून ओपनएपीआय जनरेटर उभा राहिला. तो वर्णन वाचतो आणि ‘मस्टॅश’ नावाच्या साच्यांत ओततो.

मला खरी कारागिरी दिसते ती ओतण्याआधी. मूळ वर्णनात एका क्रियेचं नाव ‘लिस्ट-कोअर-व्ही1-नेमस्पेस्ड-पॉड’ असतं. क्लासच ‘कोअर व्ही1’चा असल्यामुळे एक छोटी स्क्रिप्ट तो भाग आधीच छाटते आणि आपल्या हाती सुटसुटीत ‘लिस्ट_नेमस्पेस्ड_पॉड’ येतं. ही छाटणी माणसानं ठरवलेली आहे, आणि रोज हे नाव लिहिणाऱ्याला तिचं मोल कळतं.

काही गोष्टी साच्यात मावतच नाहीत. कुबकॉन्फिग वाचून लॉगिन करणं, बदलांवर सतत नजर ठेवणारा ‘वॉच’, चालू पॉडमध्ये वेबसॉकेटवरून कमांड चालवणं, हे सारं हातानं लिहिलेलं आहे. तयार झालेल्या फाइलींना मात्र हात लावू नये. पुढच्या खेपेला दुरुस्ती पुसली जाते. चूक वर्णनात किंवा साच्यातच सुधारावी.

मग पायपीआय या पायथनच्या पॅकेज-भांडारावर प्रकाशन. तिथे एकदा चढवलेली फाइल त्याच नावानं पुन्हा चढवता येत नाही, त्यामुळे आवृत्तीचा आकडा जपून द्यावा लागतो. या लायब्ररीची बारावी आवृत्ती कुबरनेटिस 1.16 साठी होती. त्यानंतर थेट सतरावी आली, 1.17 साठी. मधले आकडे सोडले, पण कुबरनेटिसच्या आवृत्तीशी जुळणी शोधायचा त्रास कायमचा संपला.

आणि ती रेघ? डेटाच्या प्रत्येक क्लासमध्ये पायथनमधलं नाव आणि एपीआयमधलं नाव यांची जोडयादी असते. विनंती सर्व्हरकडे निघते तेव्हा ‘_फ्रॉम’चं पुन्हा ‘फ्रॉम’ होतं.